'महाराज वेडे होते का?' : एक चुकीचा प्रश्न आणि त्याच्या पोटातले तीन बरोबर प्रश्न



पेटची तयारी करणारा एक ज्युनिअर मध्यंतरी विद्यापीठात खर्डेकर ग्रंथालयाबाहेर भेटला. चहा घेता घेता म्हणाला, "ताई, विषय फायनल झाला. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज. शीर्षकपण ठरलंय : महाराज वेडे होते का?"

मी म्हटलं, "विषय एक नंबर. शीर्षक खोड."

बिचारा हिरमुसला. तेव्हा कपातला चहा संपेपर्यंत जे सांगता आलं ते सांगितलं, पण ते अर्धवटच राहिलं. म्हणून हा लेख. त्याच्यासाठी, आणि संशोधनाचा विषय शोधत असलेल्या तुमच्या सगळ्यांसाठी. विषय आहे मेनिया, म्हणजे मन इतकं चढत जातं की झोप, पैसा, बोलणं, निर्णय कशालाच लगाम राहत नाही ती अवस्था. तिचा इतिहास कसा वाचायचा, आणि ती घेऊन जगणारी माणसं लगाम स्वतःच्या हातात ठेवायला कशी शिकली, हे बघू. शेवटी गृहपाठ आहे, आधीच सांगून ठेवते.

आधी घटनाक्रम

घटनाक्रम पाठ नसेल तर पुढचं काहीच समजत नाही, म्हणून थोडक्यात.

३० नोव्हेंबर १८७० रोजी कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. वय अवघं विशीचं. मूलबाळ नव्हतं. मग १८७१ मध्ये भोसले घराण्यातला नारायणराव नावाचा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला गेला आणि तो चौथा शिवाजी म्हणून गादीवर आला. आठव्या वर्षी घर सुटलं, नाव बदललं, आणि अवतीभवती कारभारी, शिक्षक, पोलिटिकल एजंट. एवढं डोक्यात ठेवा.

मुलगा मोठा होत गेला तसं त्याचं मन बिघडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. १८८१ च्या शेवटी-शेवटी पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी हा विषय लावून धरला. ही पत्रं तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती. त्यांचं म्हणणं असं की महाराज वेडे नाहीत, त्यांचा छळ चाललाय आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत. पुरावा म्हणून काही पत्रं पुढे आली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. कोर्टात ती पत्रं बनावट ठरली. टिळक आणि आगरकरांना जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात ते १०१ दिवस राहिले, आणि त्यावर आगरकरांनी पुस्तकही लिहिलं : 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस'.

त्याच १८८२ मध्ये महाराज राज्य चालवायला असमर्थ ठरले आणि राजप्रतिनिधी मंडळ नेमलं गेलं. प्रमुख होते कागलचे जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे. महाराजांना अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, देखरेखीखाली ठेवलं गेलं. तिथे २५ डिसेंबर १८८३ रोजी, सोबत नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा मृत्यू झाला. वय वीस.

१७ मार्च १८८४ ला राणी आनंदीबाईंनी आबासाहेबांचा मुलगा यशवंतराव याला दत्तक घेतलं. तेच आपले राजर्षी शाहू महाराज. म्हणजे शाहूंच्या कथेची सुरुवात बहुतेक पुस्तकांत जिथून होते, तिथे एका वीस वर्षांच्या आजारी मुलाची कथा संपलेली असते. आपण ते पान भरकन उलटतो.

दोन बाजू, पण गृहीतक एकच

आता त्या शीर्षकाकडे या. 'महाराज वेडे होते का?' हा प्रश्न १८८१ चाच आहे. सरकारने एक उत्तर दिलं, पुण्याच्या पत्रांनी दुसरं. तुम्ही आज तोच प्रश्न घेतलात तर दोनांपैकी एका पक्षात जाऊन बसणार, आणि तीन-चारशे पानांनंतर तिथेच बसलेले असणार.

त्याऐवजी दोन्ही पक्षांची वाक्यं शेजारी-शेजारी ठेवून बघा.

सरकारी बाजू : महाराज वेडे आहेत, म्हणून त्यांना असं ठेवणं रास्त आहे.

पत्रांची बाजू : त्यांना असं ठेवणं अन्याय आहे, कारण ते वेडे नाहीत.

वरवर ही वाक्यं एकमेकांच्या उलट आहेत. पण खालचं गृहीतक अगदी एक आहे : माणूस वेडा असेल, तर त्याच्याशी असं वागायला हरकत नाही. भांडण फक्त तो वेडा आहे की नाही एवढ्यापुरतं.

यात एक तिसरं वाक्य गैरहजर आहे : 'महाराज आजारी असतीलही, आणि तरीही त्यांच्याशी असं वागणं अन्याय आहे.' हे वाक्य त्या भांडणात कुणाच्याच बाजूचं नव्हतं. मला विचाराल तर खरा प्रबंध या गैरहजर वाक्यात आहे.

ही युक्ती लक्षात ठेवा, कुठल्याही विषयाला चालते. दोन पक्ष कडाकडा भांडताना दिसले की आधी हे बघायचं की कशाबद्दल त्यांचं भांडण *नाही*. तिथे त्या काळाची समजूत सापडते.

दुसरी गोष्ट, आवाजाची. दुसऱ्या राजाराम महाराजांची युरोप दौऱ्याची रोजनिशी १८७२ मध्ये छापून आली. संपादक होते कॅप्टन वेस्ट, म्हणजे तीही गाळणीतून आलेली, पण निदान 'मी' म्हणणारा आवाज तरी आहे. आगरकरांनी तुरुंगातल्या १०१ दिवसांचा हिशेब दिला. चौथ्या शिवाजी महाराजांच्या नावावर असं एक पुस्तक नाही. म्हणजे ज्या प्रकरणात महाराज मध्यभागी आहेत, तिथे दिवाण बोलतो, डॉक्टर बोलतात, संपादक बोलतात, न्यायाधीश बोलतात. कैद्यालासुद्धा आवाज आहे. रुग्णाला नाही.

'मेनिया' म्हणजे तेव्हा काय, आता काय

"मग ताई, आपण आजच्या निकषांवर महाराजांचं निदान करूया की! बायपोलर होतं का, स्किझोफ्रेनिया होता का…"

नको. एक तर समोर रुग्ण नाही. दुसरं म्हणजे लक्षणांचं वर्णन करणारे सगळे हितसंबंधी होते. आणि तिसरं, शब्द तेच राहिले तरी अर्थ बदलले आहेत.

शेवटचा मुद्दा जरा नीट बघू. आपल्याकडे जुना शब्द 'उन्माद'. चरकसंहितेत निदानस्थान आणि चिकित्सास्थान दोन्हीकडे उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहे. मन, बुद्धी, स्मृती, शील, आचार अशा आठ गोष्टींत बिघाड म्हणजे उन्माद, आणि त्याचे पाच प्रकार. ही फार मोठी पिशवी आहे, आजचे कितीतरी वेगवेगळे आजार तिच्यात मावतील. इंग्रजी 'मेनिया'ची पिशवीही एकोणिसाव्या शतकात तशीच मोठी होती. मुंबई इलाख्यातल्या वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल उघडलेत तर मेनिया, मेलँकोलिया, डिमेन्शिया असे रकाने दिसतील, आणि सगळ्यात जास्त माणसं मेनियाच्या रकान्यात. याचा अर्थ सगळ्यांना आजच्या अर्थाने मेनिया होता असा नाही. आरडाओरडा करणारा, अंगावर धावून जाणारा, पोलिसांनी धरून आणलेला माणूस त्या रकान्यात जायचा.

तिकडे युरोपात फ्रान्सच्या फाल्रे आणि बायार्जे या डॉक्टरांनी १८५०च्या दशकात एक निरीक्षण मांडलं होतं की काही रुग्णांत चढ आणि उतार आळीपाळीने येतात आणि तो एकच आजार असतो. जर्मनीच्या एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये त्याला 'मॅनिक-डिप्रेसिव्ह' हे नाव दिलं. त्यातूनच पुढे आजचा 'बायपोलर' शब्द आला. ही तारीख आणि महाराजांच्या मृत्यूची तारीख शेजारी ठेवा. ज्या चौकटीत आपण त्यांना बसवू पाहतो, ती चौकट नीट बांधली गेली तेव्हा त्यांना जाऊन सोळा वर्षं झाली होती.

रकाने भरतात कसे, याचंही एक उदाहरण देते. १८९३-९४ मध्ये सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. गांजाने वेड लागतं असं इस्पितळांचे आकडे सांगत होते. आयोगाने मुळात जाऊन पाहिलं, तर कारणाचा रकाना बऱ्याचदा पोलिसांच्या कागदावरून उतरवलेला. पोलिसाने 'गांजा' लिहिलं की अहवालात गांजा. आकडा छापील असला म्हणून तो सत्य होत नाही, हे त्या आयोगाला कळलं होतं. आपल्यालाही कळायला हवं.

आणि दंतकथांपासून तर चार हात लांब. आपला न्यू पॅलेस १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला, म्हणजे नेमका याच सगळ्या धामधुमीत. त्याचा वास्तुविशारद मेजर चार्ल्स मँट १८८१ मध्ये वारला. आपल्या इमारती कोसळणार या भीतीने त्याला वेड लागलं, ही गोष्ट तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. गोष्ट रंगतदार आहे, पण रंगतदार असणं म्हणजे पुरावा असणं नव्हे. वेडाच्या गोष्टी फार पटकन चिकटतात आणि एकदा चिकटल्या की त्या माणसाचं बाकीचं आयुष्य झाकून टाकतात.

हा विषय माझ्या घरातला आहे

इथे थांबून एक सांगते. संशोधकाने आपली जागा सांगावी असं आपण पद्धतीच्या पेपरात शिकतो, तर ही माझी जागा.

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मला मेनियाचा पहिला झटका आला. सुरुवातीला आजार वाटलाच नाही, उलट वाटलं, आत्ता कुठे आपलं डोकं नीट चालायला लागलंय. सहा रात्री मिळून जेमतेम दहा-बारा तास झोप. प्रबंधाची नवी रूपरेषा लिहिली, ती चाळीस पानांची. शिष्यवृत्तीचे साठलेले पैसे तीन दिवसांत पुस्तकांवर उडवले, त्यातली काही पुस्तकं दोन-दोनदा मागवली. रात्री दीड वाजता गाईडना मेसेज. पहाटे तीनला रंकाळ्यावर फिरायला निघाले तेव्हा आईने दारात आडवं होऊन अडवलं. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही.

नंतर डॉक्टर, औषधं, हळूहळू उतार. पण एक प्रसंग मनात रुतून बसलाय. एका ठिकाणी तपासणी झाल्यावर मला बाहेर बाकावर बसवलं आणि आत घरच्यांशी बोलणं झालं. दार अर्धवट उघडं होतं. माझं लग्न, माझं शिक्षण, मला कुठे ठेवायचं, सगळं ऐकू येत होतं. कुणी वाईट नव्हतं. सगळे काळजीपोटीच बोलत होते. फक्त मला कुणी विचारत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला विचारून उपयोगही नव्हता, मी भलतंच काहीतरी सांगितलं असतं.

मेनियाचा खरा पेच हाच आहे. ज्या दिवशी तुमच्या मताची सगळ्यात जास्त गरज असते, त्या दिवशी तुमचं मत भरवशाचं नसतं. मग काय करायचं? महाराजांच्या बाबतीत उत्तर होतं, मत घ्यायचंच नाही. दुसरं उत्तर सापडायला पुढे बरीच वर्षं लागली : मत *आधी* घेऊन ठेवायचं, माणूस बरा असताना, आणि त्याने स्वतः.

तिसरं वाक्य कुठून आलं

अमेरिकेत क्लिफर्ड बीअर्स नावाचा माणूस १९०० ते १९०३ या काळात तीन इस्पितळांत राहिला. त्याला खोल उदासी आणि मग मेनिया, दोन्ही आले. बांधून ठेवलं जाणं, मार खाणं त्याने सोसलं. बरा झाल्यावर त्याने १९०८ मध्ये स्वतःच्या अनुभवावर पुस्तक लिहिलं, आणि त्यातून मानसिक आरोग्याची मोठी चळवळ उभी राहिली. 'मी आजारी होतो' हे त्याने लपवलं नाही, आणि 'तरीही तुम्ही केलंत ते चूक होतं' हेही सांगितलं. आपलं तिसरं वाक्य ते हेच.

त्या पुस्तकातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. घरी परतल्यावर पुन्हा एकदा त्याचं मन चढायला लागलं. भावाने ते लक्षात आणून दिलं, आणि बीअर्स स्वतःहून रुग्णालयात जाऊन राहिला. स्वतःहून! आज ज्याला आपण आजाराचं स्व-व्यवस्थापन म्हणतो, ते त्या एका निर्णयात आहे. इच्छाशक्तीच्या जोरावर मेनिया थांबवता येत नाही. तो वाढण्याआधी ओळखायचा आणि योग्य माणसाच्या हाती लगाम द्यायचा, एवढं करता येतं.

इतिहासलेखनात हे वळण फार उशिरा आलं. रॉय पोर्टर या इतिहासकाराने १९८५ मध्ये एका निबंधात म्हटलं की वैद्यकाचा इतिहास आपण डॉक्टरांच्या बाजूनेच लिहीत आलो, आता रुग्णाच्या बाजूने लिहायला हवा. हा निबंध तुम्ही वाचलाच पाहिजे. मुंबई इलाख्यातल्या वेड्यांच्या इस्पितळांवर सारा अॅन पिंटो यांचं २०१८ मधलं पुस्तक आहे, तेही बघा.

सूत्रं हातात ठेवण्याचे मार्ग

आता या वळणातून आलेली साधनं बघू. प्रत्येकाला स्वतःचा इतिहास आहे. आणि आधीच स्पष्ट करते, ही औषधांना पर्याय म्हणून नाहीत, औषधांच्या जोडीला आहेत. औषध मनाने बंद करणं हा कुठल्याही यादीतला मार्ग नाही.

*नोंदवही.* क्रेपेलिन आपल्या रुग्णांच्या आयुष्याचे आलेख काढायचे. वर्षं, महिने, आणि चढ-उताराला वेगवेगळे रंग. शंभर वर्षांपूर्वी तो आलेख डॉक्टर काढत होते, आज तो रुग्ण स्वतः काढतो. माझी वही साधी दोनशे पानी आहे. रोज रात्री चार नोंदी : किती तास झोप, मनाला उणे पाच ते अधिक पाच यांतला एक आकडा, गोळी घेतली का, पैसे किती खर्च झाले. एक मिनिट लागतं. तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहात, मग साधन म्हणून हिचं मोल वेगळं सांगायला नको. ही रुग्णाने स्वतः भरलेली रकान्यांची वही आहे.

*झोप.* मेनियात झोप कमी होते हे सगळ्यांना माहीत असतं. झोप कमी झाल्याने मेनिया येऊही शकतो, हे कमी लोकांना माहीत असतं. अमेरिकेत एलेन फ्रँक आणि सहकाऱ्यांनी १७५ रुग्णांवर काम केलं. उठणं, जेवणं, लोकांना भेटणं, झोपणं यांच्या वेळा बांधून घ्यायच्या, अशी ती पद्धत. २००५ मध्ये निष्कर्ष आले : आजार भरात असताना ज्यांना ही पद्धत शिकवली, त्यांचा पुढचा झटका लांबला. आता हे कोल्हापुरात आणून बघा. महाद्वार रोडची विसर्जन मिरवणूक रात्रभर. जोतिबाची चैत्र यात्रा. घरातला गोंधळ-जागरण. लग्नसराई. आणि आपलं सबमिशन! मी मिरवणुकीला जाते, पण दहाला घरी. पहिल्या वर्षी मैत्रिणी चिडल्या, आता त्याच म्हणतात, "चल गं, तुझी वेळ झाली."

*आगमनाच्या खुणा.* इंग्लंडमध्ये अॅलिसन पेरी आणि सहकाऱ्यांनी ६९ रुग्णांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. अर्ध्यांना शिकवलं की तुमचा झटका येण्याआधीच्या *तुमच्या* खुणा कोणत्या ते ओळखा आणि दिसताच कुणाकडे जायचं ते ठरवून ठेवा. न शिकवलेल्या गटात एक चतुर्थांश लोकांना मेनिया परत यायला १७ आठवडे लागले, शिकवलेल्या गटात तोच काळ ६५ आठवडे. उदासीच्या झटक्यावर मात्र असा परिणाम दिसला नाही, तेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या. माझ्या तीन : एकाच वेळी चार पुस्तकं उघडी, लोकांचं वाक्य मध्येच तोडणं, आणि 'गोळीची आता काय गरज' हा विचार. यातल्या दोन एका आठवड्यात दिसल्या की डॉक्टरांना फोन. फोन करावा का, याचा विचार करत बसायचं नाही. तो विचार मी बरी असताना करून ठेवलाय.

*लिथियम आणि पाणी.* १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी लिथियमने मेनिया शांत होतो हे प्रसिद्ध केलं. डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी १९५४ मध्ये त्याची रीतसर चाचणी केली. १९७० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. औषध जुनं, स्वस्त आणि आजही महत्त्वाचं. पण त्याची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडं, म्हणून रक्तातलं प्रमाण, किडनी आणि थायरॉइडची तपासणी वेळच्या वेळी करावी लागते. शरीरातलं पाणी किंवा मीठ अचानक कमी झालं तर रक्तातलं लिथियम वाढतं. म्हणून लिथियम घेणाऱ्याने निर्जळी उपवास, उन्हातली पायी यात्रा, जुलाब-उलट्या यांबाबत सावध राहायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून कुठलीही वेदनाशामक गोळी आणून खायची नाही, त्यातल्या काहींनीही लिथियम वाढतं. आमच्याकडे नवरात्रात आईने माझा उपवास स्वतःकडे घेतलाय. ती म्हणते, "अंबाबाईला चालतंय, तुला काय होतंय?"

*पैसा आणि दोन रात्री.* ठरावीक रकमेवरचा कुठलाही खर्च, राजीनामा, भांडणाचा मेसेज, लग्नाचा निर्णय, काहीही असो, दोन रात्री झोपून मगच, आणि एका माणसाला विचारून. माझ्या यूपीआयची रोजची मर्यादा मी बरी असताना कमी करून घेतली. चढल्यावर ती वाढवायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात बहीण फोन करते.

लिहून ठेवलेला शब्द

शेवटचं साधन कायद्याचं, आणि ते मला महाराजांकडे परत नेतं.

१८५८ चा वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा, मग १९१२ चा, मग १९८७ चा. कुणाला, कुणाच्या हुकुमाने, कुठे ठेवायचं हा या कायद्यांचा मुख्य विषय. भारताने २००७ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला, आणि त्याच्याशी जुळवून घेत मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आला. तो २०१८ पासून अमलात आहे.

त्याचं पाचवं कलम वाचा. कुठलीही सज्ञान व्यक्ती लेखी आगाऊ निर्देश देऊ शकते : पुढे कधी माझी निर्णयक्षमता गेली तर माझ्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, आणि माझ्या वतीने कुणी बोलावं. निर्णयक्षमता शाबूत असेपर्यंत तो लागू होत नाही. तातडीच्या उपचारांना तो अडवत नाही. आणि डॉक्टरांना किंवा नातेवाइकांना तो पाळणं योग्य वाटत नसेल तर त्यांना मंडळाकडे दाद मागावी लागते, परस्पर बाजूला ठेवता येत नाही. चौदाव्या कलमाने आपला प्रतिनिधी आपणच नेमता येतो. पंचविसाव्या कलमाने आपल्या उपचारांच्या नोंदी बघायचा हक्क मिळतो.

मी माझा निर्देश लिहिलाय. दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. प्रतिनिधी बहीण. त्यात एक ओळ अशी आहे की माझ्याबद्दल बोलणं चालू असताना मला खोलीत बसू द्यावं, मी काहीही बडबडत असले तरी.

कागद लिहिताना सारखे अहमदनगरचे ते दिवस डोळ्यापुढे येत होते. विसाव्या वर्षी, परक्या गावात, परक्या भाषेतल्या शिपायासोबत. त्यांना काय हवं होतं, कोण सोबत हवं होतं, कशाची भीती वाटत होती, हे विचारून लिहून ठेवायला एक कागद पुरला असता.

गृहपाठ

तर आपल्या ज्युनिअरचं शीर्षक खोडून त्याच्या जागी मी हे तीन प्रश्न दिले :

१. महाराज असमर्थ आहेत हे ठरवण्याचा अधिकार कुणाकुणाला होता, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा हितसंबंध काय होता?

२. 'आजारी' आणि 'हक्क नसलेला' हे दोन अर्थ या प्रकरणात एकमेकांत कसे मिसळले?

३. या कागदांत महाराजांचा स्वतःचा शब्द, कृती, नकार कुठे दिसतो? पहारेकऱ्याशी झटापट हीसुद्धा नोंद आहे. लिहिणाऱ्याने ती वेडाचं लक्षण म्हणून लिहिली असेल, तुम्ही ती आणखी कशी वाचाल?

तुमच्यासाठी सराव : ग्रंथालयात जाऊन जुन्या वेड्यांच्या इस्पितळाच्या अहवालातलं एक पान काढा. एकच पान. कुणी लिहिलं, कुणासाठी, रकाने कुणी ठरवले, आणि रुग्ण कुठे आहे, या चार प्रश्नांची उत्तरं अर्ध्या पानात लिहा. आजच्या रुग्णांवर काम करणार असाल तर आधी तेविसावं कलम वाचा, ते गोपनीयतेचं आहे. नावं, गावं, ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही.

आणि हे वाचताना कुणाला स्वतःची किंवा घरातल्या कुणाची ओळख पटली असेल तर लाजू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, कधीही लागतो, मराठीत बोलता येतं. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात विचारा. संशोधन एखादं सत्र उशिरा झालं तर काही बिघडत नाही. मी पूर्ण एक वर्ष मागे पडले. अजून लिहितेय.

ज्युनिअर परवा परत भेटला. म्हणाला, "ताई, शीर्षक बदललं." मी विचारलं, काय केलंस? म्हणाला, "अजून ठरलं नाही, पण त्यात प्रश्नचिन्ह महाराजांवर नाही."

चला, साडेनऊ झाले. वही भरायची आणि झोपायचं. पुढच्या लेखात भेटू, तोवर गृहपाठ करून ठेवा.